डोळ्यांपुरती भूमिका

ताईंचे डोळे सुजले की लोक आधी मास्तरांकडे बघायचे. बाईमाणसाचे डोळे सकाळी सकाळी सुजलेले दिसले, तर त्याचा दुसरा अर्थ कोण कशाला काढील? दूधवाला बघायचा, शेजारीण बघायची, नाटक कंपनीतला पडदा ओढणारासुद्धा दोरी हातात धरून बघायचा. मग मास्तर दोन्ही हात वर करून म्हणायचे, "मी काही केलं नाही हो." सगळे हसायचे. ताईसुद्धा हसायच्या, त्या सुजेतून जेवढं जमेल तेवढं. विनोद इतका जुना झाला होता की कंपनीत कोणी नवीन आलं, की जुनी मंडळी मुद्दाम त्याच्यादेखत मास्तरांना टोकायची, आणि मास्तर न चुकता हात वर करायचे.

खरं तर बायकोला रडवील असा तो माणूसच नव्हता. कंपनीचे रंगभूषाकार, शिकवायचे कोणालाच नाहीत, तरी सगळ्यांचे मास्तर. त्यांचा चढलेला आवाज कोणी ऐकला नव्हता. घरी भांडी तेच घासायचे, तुटलेली बटणं तेच लावायचे. दिवसभर रंग, गोंद आणि स्पिरिट यांत हात घालूनही त्यांची बोटं अशी मऊ, की नव्या नट्या म्हणायच्या, मास्तर डोळे रंगवायला लागले की आम्हाला झोप येते. ताईंना त्याचा अभिमान होता. त्या प्रेमात पडल्या त्याही आधी त्या बोटांच्या. खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या मुलीला रंगवणाऱ्याचं तोंड कुठे दिसतं?

ताई तेव्हा नटी होत्या. नाक बेताचं, आवाज बरा, पण डोळे असे की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, ही माझ्याकडेच बघतेय. आणि नेमके तेच डोळे दगा द्यायचे. ओळीनं प्रयोग लागले की पापण्या लाल व्हायच्या, खाजायच्या, मग फुगायच्या. मास्तरांनी काय करायचं बाकी ठेवलं? बाजारात डोळ्यांना लावायचं जे जे मिळत होतं ते ते आणलं. ट्यूबमधलं, डबीतलं, कांडीतलं, स्वस्तातलं आणि महागातलं. सगळ्यावरचा विश्वास उडाला तेव्हा घरी दिवा लावला, वर ताटली धरून स्वतः काजळी धरली, एरंडेलात खलली आणि स्वतःच्या बोटानं बायकोच्या डोळ्यांत घातली. डोळे तरीही सुजले. मग मास्तर शेजारी बसून हलक्या हातानं तिच्या पापण्या पुसायचे, रडू नकोस गं, आणखी सुजतील, म्हणायचे. आणि सकाळी त्या आणखी सुजलेल्या असायच्या.

त्यात ते नाटक आलं. नाटकाच्या शेवटी नायिका कायमचं घर सोडून निघते, दारापर्यंत जाते, मागे वळून बघते आणि पडदा पडतो. शब्द एकही नाही. लिहिणाऱ्यानं तो प्रवेश ताईंचे डोळे बघूनच लिहिला, असं कंपनीत सगळे म्हणायचे. रंगीत तालीम झकास झाली. दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग, आणि ताई सकाळी उठल्या तर पापणी कुठे संपते आणि गाल कुठे सुरू होतो तेच कळेना. मालकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे बघितलं, आणि मागच्या घोळक्यात उभ्या राहणाऱ्या एका मुलीला बोलावून सांगितलं, आजच्यापुरती तू उभी राहा. आजच्यापुरती उभी राहिलेली ती मुलगी पुढे वर्षानुवर्षं उभी राहिली. कंपनीत तिचं नाव 'बदली' पडलं, ते रस्तोरस्ती तिचे फोटो लागले तरी सुटलं नाही.

ताईंनी डोळ्यांना रंग लावणं सोडलं, म्हणजे कामच सोडलं. रंगमंचाच्या उजेडात न रंगवलेले डोळे चौथ्या रांगेपर्यंतही पोचत नाहीत. मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी ताईंना प्रॉम्प्टर केलं. विंगेत स्टुलावर बसायचं आणि बदली अडली की तिला वाक्य पुरवायचं. आपल्या तोंडचा घास दुसरीला भरवायचा, आणि तोही हळू आवाजात. शेवटच्या प्रवेशाला शब्दच नसल्यामुळे प्रॉम्प्टरला काम नसायचं. ताई तेव्हा संहिता मिटून ठेवायच्या, अंधारात उठून उभ्या राहायच्या, आणि तिकडे बदली वळली की इकडे त्याही वळून बघायच्या. त्यांच्यासमोर विंगेचं काळं कापड असायचं.

रंग सुटला तरी डोळे अधूनमधून सुजायचे ते सुजायचेच. कंपनीनं त्याचाही अर्थ लावला. बाईंना बदलीचं बघवत नाही, घरी जाऊन रडतात. ताईंच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांना आधी संताप आला. मग हळूहळू त्यांना स्वतःलाही वाटायला लागलं, की असेल, रडत असेन मी झोपेत. आपण मत्सरी आहोत हे त्यांनी मनाशी कबूल करून टाकलं आणि बदलीशी जरा जास्तच गोड वागायला लागल्या. बदली गेली तेव्हा तिच्या मुलांपेक्षा ह्याच जास्त रडल्या. तेवढं एकदाच डोळे सुजण्याचं कारण सगळ्यांना पटलं.

कंपनी बंद पडली, मालक गेले, मास्तरांचे केस पिकले आणि ताईंनी आपले रंगवायचे सोडून दिले. अशात एक दिवस मालकांची मुलगी दारात उभी. ती आता स्वतः नाटकं बसवायची. जुनं नाटकगृह पाडणार होते. त्याआधी तिथे वडिलांच्याच त्या नाटकाचा एक शेवटचा प्रयोग करायचा तिनं घाट घातला होता. शेवट मात्र तिला जरा वेगळा हवा होता. घर सोडून दाराकडे जाते ती तरुण नायिका, आणि दारात वळून बघते ती म्हातारी झालेली. "काकू, शब्द एकही नाही," ती म्हणाली. "नुसते डोळे हवेत. ते तुमचेच हवेत."

ताई म्हणाल्या, विचार करून सांगते. विचार कसला करायचा होता? त्यांना ती भूमिका हवी होती. इतकी हवी होती की ह्या वयात एखाद्या गोष्टीची एवढी आस लागावी याची लाज वाटावी. पाहुणी जिना उतरते न उतरते तोच आतून खडखड ऐकू आली. मास्तर माळ्यावरची रंगपेटी काढून पुसायला बसले होते.

पण डोळे रंगवायचे म्हणजे सुजणार, आणि सुजले की पुन्हा बदली. ह्या खेपेला ताई हट्टानं त्वचेच्या डॉक्टरकडे गेल्या. पूर्वी असलं काही कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं; डोळ्यांचा डॉक्टर थेंब द्यायचा आणि विश्रांती घ्या म्हणायचा. ही डॉक्टर अगदी तरुण मुलगी होती. तिनं ताईंच्या पाठीवर छोट्या छोट्या चौकोनांची पट्टी चिकटवली, अंघोळ बंद केली आणि काही दिवसांनी सगळं काढून बघितलं. बाकीचे चौकोन शहाण्या पोरांसारखे गप्प होते. एकच लालभडक झाला होता.

"तुम्हाला रंगाची अ‍ॅलर्जी नाही," डॉक्टर म्हणाली. "रंग नासू नये म्हणून त्यात जे रसायन घालतात, त्याची आहे."

"म्हणजे मला डोळे रंगवता आले असते?"

"नीट निवडून घेतलं असतं तर आरामात," डॉक्टर म्हणाली, आणि हात धुवायला वळली.

ताईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. आयुष्यभर रंगाला शिव्या घातल्या, रंग सोडला, रंगमंच सोडला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि वर आपण त्या फाशीला शांतपणे हजर राहिलो, असं त्यांना वाटलं. त्यांना रडायला येत होतं, पण पाठ उघडी ठेवून रडायचं कसं?

डॉक्टरनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. ज्यात पाणी असतं ते नासतं, म्हणून पातळ वस्तूंत हे रसायन हमखास सापडतं. मेणाची पेन्सिल किंवा कोरडी पूड यांत बहुधा नसतं, पण वाचून घ्यायचं. त्याचं नाव असं, की एका दमात म्हणताना नटालाही धाप लागावी. शिवाय ते एकटं नाही, त्याची चुलत भावंडं आहेत. नावं वेगळी, गुण तेच. घेतलेली वस्तू आधी आठवडाभर कोपराच्या वळणावर लावून बघायची. आणि नुसतं डोळ्यांना लावायचंच तपासू नका, ती म्हणाली; पापणीची कातडी फार पातळ असते, शाम्पू, साबण, हाताला लागलेलं काहीही तिथवर पोचतं. ताईंनी घरी येऊन आपला शाम्पू आणि साबण बदलून टाकला. हाताला लावायचं तर त्या काही वापरतच नव्हत्या.

मग दोघं दुकानात गेली. मास्तरांनी डोळ्याला भिंग लावलं होतं, आणि काउंटरवरच्या मुलीला आधी वाटलं की हे कुठल्या तरी तपासणीवाल्यांकडून आलेत. तिनं मस्करा काढला. पातळ, नको. तिनं शाईसारखं आयलायनर काढलं. पातळ, नको. तिनं मोठ्या खुशीत एक ट्यूब पुढे केली. वर पानाचं चित्र, खाली 'नैसर्गिक', त्याखाली 'नाजूक डोळ्यांसाठी'. मास्तरांनी ती उलटीपालटी करून वाचली आणि परत दिली. नाजूक डोळे मोठ्या अक्षरांत होते, चुलत भावंडं बारीक अक्षरांत. ज्याला त्याला नाक मुरडणारं हे म्हातारं जोडपं पाहून मुलगी मेटाकुटीला आली आणि तिनं विचारलं, एवढं कोणासाठी हवंय, लग्न आहे का घरात?

"नटीसाठी," मास्तर भिंगातून डोळा न काढता म्हणाले.

ताईंनी पटकन बांगड्यांच्या कपाटाकडे तोंड फिरवलं. कित्येक वर्षांत त्यांची त्या नावानं कोणी ओळख करून दिली नव्हती. शेवटी एक मेणाची काळी पेन्सिल सापडली आणि एक कोरडी तपकिरी पूड. दोन्हींत ते थोरलं रसायन नव्हतं आणि त्याच्या चुलत भावंडांतलंही कोणी नव्हतं. मास्तरांनी नवा कोरा ब्रश घेतला, तो तळहातावर फिरवून बघितला, आणि घरी येईपर्यंत पिशवी ताईंच्या हातात दिली नाही.

कोपरावर आठवडाभर काही झालं नाही. ताईंनी धीर करून एका सकाळी आरशासमोर स्वतःच पेन्सिलीची रेघ ओढली. वाकडीतिकडी, पोरीनं भिंतीवर ओढावी तशी. डोळे दुसऱ्या दिवशी स्वच्छ, तिसऱ्या दिवशीही स्वच्छ. मग मास्तरांनी चाचणीचा दिवस ठरवला. खिडकीजवळ खुर्ची मांडली, टॉवेल ताईंच्या खांद्यावर टाकला, हात चोळून तयार केले आणि ती ओळखीची मऊ बोटं पापणीवर टेकली. ताईंना तो क्षण संपूच नये असं वाटलं. आरसा समोर धरला तेव्हा त्यात सुरकुत्यांतून एक जुनी ओळखीची बाई टक लावून बघत होती. मास्तरांनी दोनदा घसा खाकरला.

दुसऱ्या संध्याकाळी पापण्या खाजायला लागल्या. तिसऱ्या सकाळी त्या फुगून बंद झाल्या होत्या. मास्तर दारात उभे राहून बघत होते, आणि आज त्यांनी हात वर केले नाहीत. पेन्सिलच बदमाश आहे म्हणाले आणि भिंग शोधायला लागले. ताईंनी मालकांच्या मुलीला नकार कळवायचा म्हणून फोन हातात घेतला. हे त्यांना पाठ होतं. वाक्य पुरवायलासुद्धा कोणी नको होतं.

नंबर लावता लावता त्या थांबल्या. हीच पेन्सिल त्यांनी स्वतःही लावली होती ना? तोच डोळा, तीच कांडी, तेव्हा काही झालं नव्हतं. मग ह्या खेपेला निराळं काय होतं? स्वयंपाकघरात मास्तरांनी भांडी घासून नळ बंद केला. हात पुसले. फळीवरची काचेची जुनी बाटली काढली, पांढरं लोशन तळहातावर ओतलं आणि दोन्ही हातांना मनगटापर्यंत चोळलं. तो वास घरभर पसरला. ताई त्याला लोशनचा वास म्हणतच नव्हत्या. त्यांच्या लेखी तो नवऱ्याचा वास होता.

त्या फोन ठेवून खाली बसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा रोज त्यांच्या गालावरून फिरत होता.

मास्तरांच्या गुरूनं त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, नटाचा चेहरा आपल्याकडे विश्वासानं येतो, त्याला खरखरीत हात लावायचा नाही. तेव्हापासून प्रत्येक चेहऱ्याआधी, प्रत्येक धुण्यानंतर, झोपायच्या आधी, मास्तर ते लोशन लावत आले. बाटलीवरचा कागद केव्हाच गळून गेला होता. संपली की त्याच लोशनच्या मोठ्या डब्यातून ते ती भरत. बाकीच्या नट्यांना त्याचं काहीच होत नव्हतं. मास्तर बाजारात गेल्यावर ताईंनी त्यातला थेंब कोपराच्या वळणावर चोळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चोळला. पुढच्या सकाळी तिथे पाठीवरच्या चौकोनासारखा लालभडक चट्टा होता. त्यांनी लांब बाह्यांचा झगा घातला आणि चहा टाकायला गेल्या.

राग आला नाही असं नाही. भयंकर राग आला. रडू नकोस म्हणत जी बोटं पापण्या पुसत होती, ती पुसत नव्हती, लावत होती. पहिल्या प्रयोगाच्या आदल्या रात्री तर मास्तर कितीतरी वेळ त्यांच्या उशाशी बसले होते. रागाच्या मागोमाग आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती जास्त झोंबली. एकदा कंपनी दौऱ्यावर निघाली तेव्हा मास्तर तापानं घरीच राहिले होते. सगळा दौरा ताईंनी स्वतःच रंग लावला आणि डोळ्यांना काहीही झालं नाही. परत आल्यावर मास्तर म्हणाले, हवापालट मानवली. आणि ताई काय म्हणाल्या होत्या? पण तुमच्या हाताची सर नाही. उत्तर त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हणून दाखवलं होतं, आणि दोघांनाही ते कौतुक वाटलं होतं.

आता सांगायचं कोणाला? मास्तरांना? ह्या माणसानं आयुष्यात मिरवली ती एकच गोष्ट, आपले हात. त्या हातांनी बायकोची भूमिका काढून घेतली, बदलीला दिली, वर बायकोला मत्सरी ठरवलं, हे ऐकून तो पुन्हा कोणाच्या चेहऱ्याला हात लावील का? ताईंनी ठरवलं, सांगायचं नाही. प्रयोग एकच आहे. रंगीत तालमीला आणि प्रयोगाला त्यांचे हात कोरडे राहिले म्हणजे झालं. नंतर कसला रंग आणि कसलं काय.

रंगीत तालमीच्या दिवशी रंगपटात मास्तरांनी पेटी उघडली आणि सवयीनं बाटलीकडे हात नेला. ताई म्हणाल्या, "अहो, आज ते नको. हल्ली त्या वासानं मला ठसका लागतो." त्यांनी बदलीला हजारो वाक्यं पुरवली होती, पण इतकं वाईट वाक्य कधी कोणाला दिलं नव्हतं. मास्तरांनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. मग बाटली ठेवली, नळावर जाऊन साबणानं हात धुतले आणि कोरडे पुसून आले.

बोटं पापणीला टेकली आणि ताई दचकल्या. ती खरखरीत होती. टोकांना भेगा होत्या, सांध्यांवर कातडी निबर झाली होती, आणि एक जुनी चीर तर पापणीवर टोचत होती. एवढ्या संसारात नवऱ्याचे खरे हात त्यांना पहिल्यांदाच लागत होते. लागतंय का, मास्तरांनी विचारलं. ताईंनी मान हलवून नाही म्हटलं, कारण त्या बोलल्या असत्या तर रेघ पुसली गेली असती.

प्रयोगाच्या सकाळी डोळे स्वच्छ होते. मास्तरांनी ते पाहिले. त्यांनी आनंदानं उडीच मारायला हवी होती. पण ते नुसतं 'छान' म्हणाले आणि त्यांनी फळीवरच्या बाटलीकडे बघितलं. संध्याकाळी रंगपटात पेटी उघडली तेव्हा ताईंचं लक्ष आधी तिच्यातल्या बाटलीच्या कोपऱ्याकडे गेलं. बाटली नव्हती. मास्तर नळावर उभे होते, हात धूत होते, पुसत होते, आणि पुन्हा धूत होते. ताईंनी ओळखलं की त्यांनी ओळखलं. पण बाहेर घंटा व्हायची वेळ झाली होती, आणि रंगपटात भांडण नाही, रडणं नाही, हा दोघांनीही पाळलेला जुना नियम होता. मास्तरांनी रेघ ओढली. रेघ सरळ आली.

शेवटचा प्रवेश आला. तरुण नायिका दाराशी गेली, अंधार झाला, उजेड आला आणि दारात ताई होत्या. त्या वळल्या. घराकडे बघायचं होतं; पण घराच्या पलीकडे, विंगेत, जिथे त्यांचं स्टूल असायचं तिथे, मास्तर उभे होते. ते रंगमंचाकडे बघतच नव्हते. आपले दोन्ही तळहात समोर धरून त्यांकडे बघत होते. ताई बघत राहिल्या. सगळी वर्षं विंगेच्या काळ्या कापडाकडे बघून त्यांनी जे पाठ केलं होतं, त्यातलं काहीच त्यांना आठवलं नाही. पडदा पडला, आणि टाळ्यांचा आवाज पडद्याआडून बराच वेळ येत राहिला. मालकांची मुलगी रडत येऊन गळ्यात पडली. म्हणाली, काकू, तुम्ही इतकी वर्षं कुठे होतात?

दोघं घरी आली. ताई दमून झोपल्या. सकाळी उठल्या तर आरशात डोळे स्वच्छ, आणि शेजारची उशी थंड. मास्तर स्वयंपाकघरात मोरीपाशी उभे होते. बाटली धुऊन उपडी घातली होती. त्यांनी वळून बघितलं, आणि त्यांची पापणी कुठे संपते आणि गाल कुठे सुरू होतो तेच कळत नव्हतं.

"कधी कळलं तुला?" त्यांनी विचारलं.

"झाले थोडे दिवस."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही तरी काल कुठे बोललात?"

मास्तर बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी पुसायचो गं तुझे डोळे. रडू नकोस म्हणून पुसायचो."

काही बिघडलं नाही, असं म्हणायला ताईंनी तोंड उघडलं. पण बिघडलं होतं. जे बिघडलं होतं ते काल टाळ्यांत त्यांना नीट ऐकू आलं होतं, आणि ते नव्यानं मिळण्यासारखं नव्हतं. खोटं वाक्य पुरवायचा त्यांना कंटाळा आला होता. त्या जवळ गेल्या आणि त्यांनी मास्तरांचा हात धरला. चटका बसावा तसा मास्तरांनी तो मागे ओढला.

"धुतलेत ना?" ताईंनी विचारलं.

मास्तरांनी मान डोलावली. ताईंनी तो भेगाळलेला तळहात ओढून आपल्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवला. तो त्यांच्या गालावर टोचत होता, आणि त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

दाराची घंटा वाजली. दूधवाला होता. त्यानं मास्तरांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं, आणि मग सवयीनं, हसत हसत, ताईंकडे बघितलं. ताईंनी हात वर करायला घेतले. ते अर्ध्यावरच राहिले.

"तिनं काही केलं नाही हो," मागून मास्तर म्हणाले.

दूधवाला मोठ्यानं हसला. मग ह्या दोघांपैकी कोणीच हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं गुपचूप दूध ओतलं.